नावघाटावर गोधड्यांचे दिवस

पाऊस उघडला की आई गॅलरीत येऊन पाण्याचा रंग बघते. आमच्या गॅलरीतून नदी अख्खी दिसत नाही. समोरची ए विंग आणि पाण्याची टाकी यांच्यामधून तिची एक फट दिसते, आणि त्या फटीत रेल्वे पुलाचा एक खांब. आईला तेवढं पुरतं. धरणं सुटलेली असतात तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि खांबाभोवती भोवरे फिरतात. भाद्रपद सरत आला की ते मंद होत जातं, गाळ खाली बसतो, आणि एका सकाळी खांबाचं उलटं चित्र पाण्यात स्वच्छ उभं राहतं. त्या सकाळी आई आत येते, दिवाणातलं गाठोडं ओढते आणि म्हणते, "निवळलं बघ पानी."

आज सकाळी तिनं तेच म्हटलं. मी कुरकुंभच्या ऑफिसला जायच्या बससाठी सँडल घालत होते. गाठोड्याची गाठ सुटली आणि वर्षभराच्या झोपेचा वास खोलीत पसरला. तेलाचा, बामचा, ओल धरलेल्या सुताचा, आणि कुठेतरी खोल अजून चुलीच्या धुराचा. चूल जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण गोधड्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

गणपती गेलेले असतात आणि घट बसायला अजून अवकाश असतो. या मधल्या दिवसांना कॅलेंडरवर पितृपंधरवडा म्हणतात. लोक नवीन वस्तू घेत नाहीत, लग्नाची बोलणी पुढे ढकलतात, कावळ्यांची तेवढी चैन असते. आमच्या नावघाटावर मात्र हे गोधड्यांचे दिवस. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण बाहेर काढायचं, नदीवर न्यायचं, तुडवायचं, पिळायचं, उन्हात कडक वाळवायचं आणि घट बसायच्या आत घडी घालून ठेवायचं.

आमच्या घरात घट बसत नाहीत. आम्ही बौद्ध. आमचा दिवस दसऱ्याचा. त्या दिवशी पांढऱ्या साड्या निघतात आणि विहारात पाय ठेवायला जागा नसते. पण गोधड्या आम्हीही याच दिवसांत धुतो. शाळेत असताना मी आईला विचारलं होतं, आपल्याकडे घट नाहीत, मग आपण कशाला? ती म्हणाली, "घट नसतील, पन आंग हाय ना आपल्याला? त्याला धुतलेलं पांघरून नगं व्हय?"

मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे 'कारण' विचारलं की पुस्तकातली ओळ द्यावी लागायची. आईची ही ओळ कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी ती लक्षात ठेवली, कुणाला सांगितली नाही.

आईचं माहेर याच नदीवर, वरच्या अंगाला, शिरूर तालुक्यात आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे अजून मामा राहतात. तिथे आमच्या बायकांचे धुण्याचे धोंडे सगळ्यात खाली होते. वरच्या धोंड्यांवरची धुणी झाली की तो साबणाचा फेस त्यांच्यापर्यंत वाहत यायचा, आणि त्यात त्यांच्या गोधड्या निघायच्या. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावंच लागत नसे. आई लग्न होऊन दौंडला आली त्या वर्षी गोधडी डोक्यावर घेऊन नावघाटावर गेली आणि तशीच उभी राहिली. इथलं खालचं अंग कुठलं, हे तिला कळेना. विचारायचं कुणाला आणि कसं? तेवढ्यात पाण्यात गुडघाभर उभ्या असलेल्या एक बाई ओरडल्या, "अगं ए नवी! उबी काय ऱ्हाती फोटू काढल्यावानी? टोक धर की हिचं!"

त्या हिराकाकू. मंडईत भाजी विकतात, घरी घट बसतात, आणि आवाज असा की पलीकडच्या तीरावरच्या म्हशी मान वळवतात. आईनं डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि त्यांच्या गोधडीचं दुसरं टोक धरलं.

ओली गोधडी एकटीला पिळता येत नाही. चादर येते, साडी येते. पण चार-पाच जुन्या साड्यांचे थर, मध्ये धोतरं, वरून दाट धावदोरा अशी ती वस्तू पाणी प्यायली की एखाद्या आजारी माणसासारखी जड होते. दोघींनी दोन टोकं धरायची. एकीनं उजवीकडे पीळ द्यायचा, एकीनं डावीकडे. मध्ये तिचा जाड दोर होतो, तो आपोआप उंच उचलला जातो आणि पाणी धारेनं खाली पडतं. पीळ देताना समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघावं लागतं, नाहीतर अंदाज चुकतो आणि एकजण पाण्यात आपटते. आई म्हणते, हिराकाकूंच्या डोळ्यांत तिनं सगळ्यात आधी बघितलं ते असं, गोधडीच्या दुसऱ्या टोकावरून. पुढे नावघाटावर वरचं अंग, खालचं अंग काही टिकलं नाही. कुणाच्या मोठ्या मनामुळे नव्हे. पिळायला माणूस लागायचा म्हणून.

लहानपणी आमचं काम तुडवायचं. धोंड्यावर साबण लावून पसरलेल्या गोधडीवर आम्ही पोरं नाचायचो. पायाखाली कापडाची मऊ गच्च गादी, बोटांमधून वर येणारा काळा-निळा फेस, आणि दर पावलाला वेगळी शिवण. इथे पप्पांचा सदरा, इथे आत्याच्या लग्नातली साडी. पप्पा रेल्वेत ट्रॅकमन. त्यांच्या ड्युटीच्या कपड्यांचं कापड सगळ्यात शेवटी मऊ होई. मी डोळे मिटून नुसत्या तळपायांनी ओळखायचे, आता आपण पप्पांवर उभ्या आहोत.

मग घाटावरची आमची जुनी आळी पडली.

पडली म्हणजे कुणी जबरदस्तीनं पाडली नाही. बैठका झाल्या, सह्या झाल्या, बिल्डरची एक चकचकीत पुस्तिका आली. तिच्यात आमची नदी निळी होती. मी दौंडमध्ये जन्मले, पण निळी भीमा मी त्या पुस्तिकेतच पाहिली. वर्षातले बरेचसे महिने आमची नदी दाखवण्यासारखी नसते. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून तिच्यात येतं, उन्हाळ्यात जलपर्णी एवढी माजते की पाणी आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. पावसाळा सरताना तेवढी ती निवळते. गोधड्यांचे दिवस नेमके तेव्हाच का, याचं उत्तर मला पुस्तिकेतल्या त्या खोट्या निळ्या रंगानं दिलं.

काही वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आम्ही परत आलो तेव्हा जिथे आळी होती तिथे दोन इमारती होत्या. पुढची ए विंग विकायची. मागची बी विंग आमची, जुन्या लोकांची. इमारतीला एक इंग्रजी नाव आहे. ते मी इथे लिहिणार नाही. रिक्षावाल्याला आम्ही अजून नावघाटच सांगतो आणि तो बरोबर आणून सोडतो. पूर्वी पूल नव्हता तेव्हा इथून नाव, म्हणजे होडी, पलीकडे जायची म्हणे. नाव मी बघितली नाही, धोंडे बघितले होते. तेही आता नव्हते. काठानं फरशा, पिवळे दिवे, बाकं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीलचं रेलिंग. रेलिंगमध्ये एक फाटक, आणि फाटकापलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या.

खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडलं होतं. मला स्वतःची खोली मिळाली होती. नळाला पाणी, दाराला आतून कडी. संध्याकाळी त्या दिव्यांखालून चालताना वाटायचं, आपण कुठेतरी गेलो आहोत आणि तरी घरीच आहोत. मला कुणी 'तुम्ही बी विंगच्या का?' असं विचारलं नसतं तर ते वाटणं आणखी टिकलं असतं.

मागच्या वर्षी आम्ही इथे आलो, आणि ते इथले पहिले गोधड्यांचे दिवस. गणपतीत फाटक उघडलं होतं. त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, दोन्ही विंगांचे गणपती त्याच पायऱ्यांवरून पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पाण्याचा रंग बघून खाली जाऊन आली आणि म्हणाली, "कुलूप घातलंय."

तिनं आधी बाथरूममध्ये करून बघितलं. ती कधी भांडायला घाईनं उठत नाही. एक जुनी गोधडी बादलीत घातली, ती बादलीत मावेना. मग फरशीवर पसरली, तर दारच उघडेना. आम्ही दोघी बाथरूमच्या आत अडकलो, पायाखाली गोधडी, भिंतीला पाठ. पिळायला गेलो तर माझं कोपर गिझरवर आणि आईचं नळावर. आम्ही हसलो, मग दमलो, मग ती तशीच निथळत गॅलरीच्या कठड्यावर टाकली. तिचा रंग खालच्या मजल्यावरच्यांच्या पांढऱ्या चादरीवर उतरला. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्या चादरीचा फोटो आला. फोटोखाली प्रश्नचिन्हांची रांग. गोधडी तीन दिवस वाळली नाही आणि तिला कुबट वास लागला. आईनं ती नाकाला लावली, बाजूला ठेवली. "हिला पानीच दिसलं न्हाई," एवढंच म्हणाली.

त्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. बँकेतून निवृत्त झालेले, ए विंगमध्ये राहणारे, बोलायला मऊ. पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते. आईनं चहा केला. त्यांनी अर्धा घेतला, अर्धा ठेवला. का ठेवला यावर मी विचार करत नाही. एकदा सुरू झाला की तो थांबत नाही.

"प्रज्ञा बेटा, तुझं इंग्लिश छान आहे असं ऐकलं," ते म्हणाले. "एक सॉफ्ट नोटीस करून दे. रिव्हरफ्रंटवर धुणं नको, वाळवणं नको, फाटक फक्त विसर्जनापुरतं. मुद्दे मी पाठवतो. तू लिहिलंस की आपल्या लोकांनाही बरं वाटेल."

आपल्या लोकांना.

मी म्हटलं, "बघते."

'बघते' हा माझा आवडता शब्द आहे. त्यात हो नसतं आणि नाहीही नसतं. शाळेत, कॉलेजात, ऑफिसात मी त्याच्या आड सुखानं राहिले आहे. सेक्रेटरी खूश होऊन गेले. आई पदराला हात पुसत म्हणाली, "काय लिव्हायचंय गं?"

"हेच, की पाण्यावर जायचं नाही."

तिनं सेक्रेटरींचा कप उचलून आत नेला. पप्पा ड्युटीवरून येऊन जेवत होते, त्यांचा घास हातात राहिला. पाण्यावर जायचं नाही, हे वाक्य आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते मराठीत ऐकलेलं आहे. मला तेवढं इंग्रजीत लिहायचं होतं. पप्पा म्हणाले, "पूर्वी कुलूप नसायचं. लागतच नव्हतं कुलूप." आणि त्यांनी घास तोंडात घातला.

दुसरा दिवस रविवारचा होता. मी उठले तेव्हा आई गाठोडं बांधत होती. मी विचारलं नाही, दुसरं गाठोडं उचललं.

खाली फाटकाजवळ बी विंगच्या बायका आधीच जमल्या होत्या. कुणी कुणाला निरोप दिला होता ते मला अजून माहीत नाही. डोक्यावर, कमरेवर, सायकलच्या कॅरियरला गोधड्या. हिराकाकूंनी तर भाजीची हातगाडीच आणली होती आणि तिच्यावर गोधड्यांचा ढीग, वर धुणं बडवायचं धोपाटणं. फाटकाला नवं पितळी कुलूप. वॉचमन हात जोडून उभा. "भाभी, मेरी नौकरी का सवाल है. चाबी साब के पास है."

आई म्हणाली, "तुमच्याकडं न्हाई मागत भैया. साहेबांना बोलवा तुमी."

सेक्रेटरी आले. सकाळच्या चालण्याचे पांढरे बूट, हातात फोन. ए विंगच्या गॅलऱ्यांत माणसं येऊ लागली.

"ताई, असं नाही चालणार," ते हिराकाकूंना म्हणाले. "साबणानं नदी खराब होते."

"आमच्या साबनानं?" हिराकाकू म्हणाल्या. "आन् आख्ख्या पुन्याचं वाहून येतंय खाली, त्याला कुनी पाटी लावली व्हय साहेब? का तिकडं नोटीस मराठीत लिव्हावी लागती म्हनून ऱ्हाऊन गेलं?"

बायका हसल्या. ए विंगच्या एका गॅलरीतूनही हसू आलं आणि लगेच बंद झालं.

"हे बघा, नियम सगळ्यांना सारखा," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज अजून मऊच होता. "गणपतीला दोन्ही विंगांसाठी उघडलं होतं ना?"

"गनपतीला उघडतंय, मग आमी काय वाईट केलंय? आमी तर आमचं परत घिऊन जातो!" हिराकाकू म्हणाल्या.

यावर पुन्हा हसू. पण कुलूप तसंच होतं. हशानं कुलूप उघडत नाही, हे मला तिथे उभं राहून दिसत होतं. थोड्या वेळात ऊन चढेल, कुणाला मंडईत जायचं असेल, कुणाला कामावर. एकेक गाठोडं परत जिना चढेल आणि एकेका बाथरूममध्ये कुबट होईल. पुढच्या वर्षी कुणी खाली येणारच नाही. मग कुलूपही लागणार नाही.

माझी आई सगळा वेळ रेलिंगला टेकून पाण्याकडे बघत होती. तिनं गाठोडं सोडलं. कुबट वासाची तीच गोधडी वर होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, रेलिंगवर ठेवली, क्षणभर तशीच धरली, आणि पलीकडे ढकलून दिली.

गोधडी फाटकापलीकडच्या पायऱ्यांवर जाऊन पडली. तिचं एक टोक पाण्यात गेलं आणि हळूहळू गडद होऊ लागलं.

कुणाला काही कळेना. आई सेक्रेटरींकडे वळली. "माजी गोधडी तिकडं हाय साहेब," ती म्हणाली. "मला तिच्याकडं जायचंय."

हिराकाकूंच्या सगळ्यात आधी ध्यानात आलं. "अगं बया!" म्हणत त्यांनी हातगाडीवरची वरची गोधडी उचलली आणि भिरकावली. मग दुसरी. मग सगळ्याच. लाल, पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, कुणाच्या नऊवारीच्या, कुणाच्या परकराच्या गोधड्या रेलिंगवरून उडून पायऱ्यांवर पडू लागल्या. एकीची धुळीसकट फुटल्यासारखी उलगडली. एकीची नेम चुकून रेलिंगलाच लटकली, तिला दोघींनी मिळून ढकललं. त्या गुळगुळीत पायऱ्या बघता बघता दिसेनाशा झाल्या. पुस्तिकेतल्या चित्राच्या बरोबर मध्यभागी आमची वर्षभराची झोप उघडी पडली होती.

सेक्रेटरींनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांना मी दिसले. मी गर्दीच्या मागे होते, दुसरं गाठोडं छातीशी धरून. ते इंग्रजीत म्हणाले, "प्रज्ञा, यू आर एज्युकेटेड. एक्स्प्लेन टू देम."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. 'बघते' हा शब्द जिभेवर आला होता. मी तो तिथेच ठेवला.

"काका, ती नोटीस मी लिहिणार नाही," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल की!" हिराकाकू ओरडल्या. "इकडं काय ऐकू येईना!"

"मी नोटीस लिहिणार नाही!" मी म्हटलं, आणि आवाज एवढा मोठा निघाला की मीच दचकले. मग बोलण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही उरलं नाही. मी पुढे गेले. गाठोडं सोडायचंही सुचलं नाही. तसंच, गाठीसकट, रेलिंगवर चढवलं आणि टाकलं. ते धप्पकन पडलं. माझे हात एकदम हलके झाले, मी ते रेलिंगवर ठेवले. स्टील गार होतं.

सेक्रेटरींनी त्या ढिगाकडे बघितलं. तो तसाच राहिला तर त्यांना रोज बघावा लागणार होता, त्यांच्या गॅलरीतून, चहा पिताना. उचलायला माणूस लावायचा तरी फाटक उघडावंच लागणार होतं. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि वॉचमनच्या हातात दिली. आमच्याकडे न बघता दिली. मला त्यांचा राग आला नाही. पण मी नजरही खाली घातली नाही.

त्या सकाळी नावघाटावर पुन्हा धोपाटण्यांचा आवाज झाला. पायऱ्या बसायला बांधलेल्या, धुण्यासाठी नव्हेत. गुळगुळीत आणि अरुंद. दोघी-तिघी घसरल्या, शिव्या बिल्डरला मिळाल्या. मी जीन्स वर दुमडून गोधडीवर उभी राहिले. किती वर्षांनी. तळपायाला पप्पांचा सदरा लागला, अजून तसाच राठ. ए विंगमधली माझ्याच वयाची एक मुलगी खाली येऊन मोबाइलवर फोटो काढत होती. हिराकाकूंनी तिला पाण्यातून हाक मारली, "ए पोरी, फोटू मागनं काढ. टोक धर हिचं!" तिनं इकडे तिकडे बघितलं, मोबाइल बाकावर ठेवला आणि बुटांसकट उतरली. दुसऱ्या टोकाला मी होते. "उजवीकडे की डावीकडे?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "माझ्या उलट." पीळ बसला, गोधडी आमच्या दोघींमध्ये उचलली गेली आणि पाण्याची धार तिच्या बुटांवर पडली. तिचं नाव मी नंतर विचारलं. आधी डोळे बघितले.

वाळवायला जागा नव्हती. पूर्वी वाळू होती, बाभळी होत्या. आईनं एक पिळलेली गोधडी खांद्यावर घेऊन वर आणली, इकडे तिकडे पाहिलं आणि रेलिंगवर टाकली. तिनं हातानं ती सारखी केली, दोन पावलं मागे सरून बघितलं. "बरं झालं बाई हे केलं ते," ती स्टीलवर थाप मारत म्हणाली. "झ्याक वाळत्यात." थोड्या वेळात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेलिंग झाकलं गेलं. पुलावरून गाडी गेली तेव्हा खिडक्यांमधली माणसं वाकून बघत होती. त्यांना काय दिसलं असेल? मला वाटतं, पहिल्यांदाच कुणाला तरी कळलं असेल की इथे माणसं राहतात.

दसऱ्यापर्यंत फाटक उघडं राहिलं. नोटीस निघाली नाही. मी त्या दिवसांत धुतलेल्या गोधडीत झोपले. उन्हाचा, सोड्याचा आणि थोडा नदीचा वास. नदीचा वास चांगला असतो असं मी म्हणणार नाही. पण तो खोटा निळा नसतो.

आणि आज सकाळी पाणी निवळलं. संध्याकाळी बसमधून उतरून मी मुद्दाम काठानं घरी आले. फाटकावर नवं कुलूप आहे, मागच्या वर्षीपेक्षा मोठं. शेजारी पाटी आहे, छापील, इंग्रजीत. कुणाकडून तरी लिहून घेतली असणार, कुणीतरी 'बघते' न म्हणता सरळ 'हो' म्हटलं असणार. मला वाटलं होतं एकदा उघडलेलं उघडंच राहतं. तसं नसतं. गोधडीसारखंच आहे ते, दर वर्षी काढायचं, दर वर्षी पिळायचं. मी पाटी पूर्ण वाचली. मला ती वाचता येते, एवढंच. ती पाळायला मी कुणाकडून शिकलेली नाही.

घरी आले तर आई दोरा तोडत होती. वर्षभर ती दुपारी एक गोधडी शिवते आहे. मध्यभागी माझा शाळेचा निळा पिनाफोर उसवून घातला आहे, खिशाची जागा अजून गडद आहे. त्याच्या भोवती पप्पांचे सदरे, तिच्या साड्या, आणि एका कोपऱ्यात हिराकाकूंनी दिलेलं हिरवं लुगडं. अजून एकदाही अंगावर घेतलेली नाही. तिला पाणी ठाऊक नाही.

"कुलूप बघितलंस?" मी विचारलं.

"बघितलं की. मोठं हाय." तिनं सुई दोऱ्याच्या गुंड्यात खोचली. "हिरा म्हनली रविवारी सकाळी. आवंदा पैली कुनाची टाकायची?"

मी ती नवी गोधडी तिच्या मांडीवरून उचलली. कोरडी असूनही चांगली जड होती.

"माझी," मी म्हटलं.